बिननावाचं खातं

दिरानं सगळ्या ऑफिससमोर तिला विचारलं, "वहिनी, आता घरात शिरतानाही पासवर्ड मागणार का?"

प्रोग्रामर पोरं खो-खो हसली. तिनं मान वर केली नाही. "घरात तुम्हाला सगळे ओळखतात, भावजी. इथं कोण काय करतं, ते कुणालाच कळत नाही."

पोरं तिला फौजदारीण म्हणत. तिथं वर्षानुवर्षं सगळेच एका सामायिक खात्यातून सर्व्हरवर जायचे. ते खातं दिरानं उघडलेलं, आणि त्याचा त्याला भारी तोरा. मागं त्याच खात्यातून गिऱ्हाइकांची माहिती पुसली गेली. कुणी पुसली, पत्ता नाही. खापर फुटलं टेस्टिंगच्या पोरीवर. बिचारीची नोकरी गेली. मग साहेबांनी हिला कामाला लावलं : प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचं खातं, आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या कंटेनरमध्ये डबाबंद. सरी धरून बी टाकावं तसं तिनं ते एकेक करून मांडलं. शेवटी सामायिक खातं बंद केलं.

आणि सर्व्हर बंद-चालू केल्याबरोबर ओळख तपासणारा प्रोग्रॅम उठेचना. त्या प्रोग्रॅमचा डबा होता दूरच्या, भाड्यानं घेतलेल्या ऑनलाइन कोठारात, आणि कोठाराच्या दारावर तिनं पहारा बसवला होता त्याच प्रोग्रॅमचा! पहारेकरी आत झोपलेला, दार उघडणार कोण? नवा डबा बांधायची कृतीही त्याच कुलपाआड.

साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत चालू झालं नाही, तर हे सगळं उपटा. आणि उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

दीर खुर्चीत रेलला. "त्या डब्याची प्रत माझ्या लॅपटॉपवर आहे. तुमच्या चुका काढायला उतरवली होती."

"द्या."

"देतो की. माझं जुनं खातं चालू करा."

तिची बोटं कीबोर्डवर गेली. थांबली.

"तुमच्या नावानं खातं देते, भावजी. जुन्याचे सगळे अधिकार त्यात. एकही कमी नाही."

"नावानं नको."

"का?"

"नको म्हटलं ना!"

हसणाऱ्या पोरांतलं कुणीतरी मागून म्हणालं, "भाऊ, सगळं मिळतंय, मग नावाचं काय वावडं?"

दीर तिच्याकडे असा बघत राहिला, की नजरेनं माणूस जळत असता तर ती तिथंच राख झाली असती. साहेब जवळ आले. "लॅपटॉप कंपनीचा आहे. इकडे आणा."

दिरानं तो टेबलावर आपटला. प्रत चढली, प्रोग्रॅम उठला, ज्याचं त्याचं खातं उघडलं. दीर आपलं न उघडताच जिना उतरला.

त्या संध्याकाळी सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं. नवरा म्हणाला, "घरच्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर आणलीस." तिनं ताटं उचलली.

सकाळी ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. "टेस्टिंगच्या पोरीला फोन करा. तिला परत कामावर बोलवा."

"चौकशी होऊ द्या. बघू पुढच्या आठवड्यात."

"आत्ता," ती म्हणाली, आणि तिथून हलली नाही.