शेजारच्या बोअरचं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — पत्नीलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, हेही मला नीट उमगलेलं नाही.

नागपूरच्या ज्या लेआउटमध्ये मी राहतो, तिथे महापालिकेचा नळ अजून पोहोचलेला नाही. ज्याच्या त्याच्या अंगणात बोअर. शेजारचं घर विकायला निघालं तेव्हा ते पाहायला नरखेडकडचे एक संत्रा बागायतदार आले — घनश्यामभाऊ, माझ्याच वयाचे. त्यांनी घाई केली नाही. वकिलाकडून कागद तपासून घेतले, भिंतींची ओल पाहिली, मोटर सुरू करून बराच वेळ पाणी वाहू दिलं. थंडीचे दिवस — पाणी भरपूर आलं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. दलालाला टाळून ते एकटेच माझ्या फाटकाशी आले.

“दलाल तं गोडच बोलते, भाऊ. तुम्ही सांगा — मे महिन्यात बोअरले पाणी राहते का? आमच्या हिनं जिंदगीभर विहिरीवरून पाणी वाह्यलं. आता नाही वाहू द्याचं.”

माणसाने आणखी काय तपासायचं असतं? जे फक्त शेजाऱ्यालाच ठाऊक असतं, ते त्यांनी शेजाऱ्याला विचारलं होतं.

आणि मला ठाऊक होतं. तो बोअर उन्हाळा लागताच आटायचा — मी माझा बोअर दुप्पट खोल नेला, त्या वर्षापासून. आधीच्या मालकाने हे मला तोंडावर ऐकवलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणंच तुटलं. ‘राहत नाही’ म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ‘काहून?’ हाच असता. मी त्या प्रश्नाला भ्यालो. म्हणालो, “राहते. बिनघोर घ्या.”

पहिल्याच उन्हाळ्यात बोअर आटला. ते धावत आले, तेव्हा मी दुसरं खोटं बोललो — असं तर कधीच झालं नव्हतं. त्यांनी तेही मानलं. संशय घेता आला असता, नाही का? घेतला नाही. वहिनी गुडघ्याला पट्टा बांधून माझ्याकडून बादल्या नेऊ लागल्या. ‘लागेल तेवढं न्या’, असं मी म्हणायचो. म्हणताना बरंही वाटायचं — हे लिहिताना लाज वाटते आहे.

यंदा त्यांनी बोअर खोल करवला. मी शेजारी म्हणून जवळ उभा होतो. खालून कोरडी भुकटीच वर येत राहिली. घनश्यामभाऊंनी ती चिमटीत घेऊन चोळून पाहिली. वहिनींनी माझ्या हाती चहा दिला आणि हसत म्हणाल्या, “यायनं सारं पाह्यलं होतं, भाऊजी. माहा पायगुण तेवढा पाह्याचा राह्यला. मी आली अन् पाणी गेलं.”

हसत म्हणाल्या — पण त्यांना ते खरं वाटतं. मला ते दिसलं. एका वाक्यात मी तो दोष त्यांच्या अंगावरून उतरवू शकलो असतो. घनश्यामभाऊ समोरच उभे होते.

मी चहा प्यायलो. छान झालाय, म्हणालो.