एक पाटी राहिली

शेवटचं काम आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलं ते मैदानावर चुना टाकायचं. शाळेमागचं मैदान. तेलाच्या रिकाम्या डब्याला मी बुडाशी खिळ्यानं भोकं पाडलेली. त्यात चुना भरायचा आणि ताणलेल्या सुतळीवरून डबा हलवत चालायचं. सुतळीचं एक टोक खुंटीला बांधायचं. दुसरं टोक ती पायाच्या अंगठ्याखाली दाबून उभी राहायची. दुसरी खुंटी ठोकतो म्हटलं तर तिनं कधी ऐकलं नाही. म्हणायची, "खुंटीले समजते का, रेघ वाकडी जाऊन राह्यली म्हणून?" डोकं पांढरं झालेलं, उठताना गुडघे वाजायचे, पण अंगठा दाबला की सुतळी तारेसारखी ताठ. मी वाकडा गेलो की ती बोलायची नाही, नुसता अंगठा उचलायची. सुतळी ढिली पडायची आणि मला ती रेघ पायानं पुसून पुन्हा ओढावी लागायची.

खेळ आट्यापाट्यांचा. हल्लीच्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. जमिनीवर एकामागे एक नऊ आडव्या पाट्या आखायच्या. दरेक पाटीवर एक गडी हात पसरून उभा. समोरच्या बाजूच्यांनी त्याला चुकवून पाटी ओलांडायची, मग पुढची, मग त्याच्या पुढची. अंगाला हात लागला की बाद. शेवटची ती लोणपाटी. तीही ओलांडून जो परत येईल त्यानं लोण आणलं. पाटीवरच्या गड्याला एकच बंधन, त्यानं पाटी सोडायची नाही. पाय बाहेर पडला की तो असून नसल्यासारखा.

आमच्या गावात लोणपाटी आदल्या दिवशी आखत नाहीत. आदल्या दिवशी आखली तर रात्रीतून कोणी तरी, गाय म्हणा, कुत्रं म्हणा, ती ओलांडून जातं आणि खेळाचं पहिलं लोण तेच घेऊन जातं, असं जुने लोक मानायचे. म्हणून आठ पाट्या आदल्या संध्याकाळी आणि नववी खेळाच्या सकाळी. त्या संध्याकाळी आठवी झाली. डब्यात चुना उरला होता. मी म्हटलं, "आखून टाकू का? सकाळी तुले वाकता येत नाई." ती म्हणाली, "सकाळीच. उद्या नदीपलीकडच्या पोरी येऊन राह्यल्या, आपल्याकडून खोट नको." तिनं सुतळी गुंडाळून कमरेला खोचली आणि आम्ही घरी आलो.

गावानं तिचं नाव सटकी ठेवलं होतं. मीही तेच घ्यायचो. ती कधी निघाली ते कोणाला कळायचं नाही. बाजारात सोबत गेलो, मी मिरचीचा भाव विचारायला वळलो, की मागे कोणी नाही. ती पलीकडच्या गल्लीत बांगड्या भरत बसलेली. माहेरी जायची तीही अशीच. चुलीवर भाकरी झाकलेली, बाई एसटीत. मी रागावलो की म्हणायची, "निंघायचं त सांगायचं कायले? सांगतलं की समोरचा हात पसरते." संसारात ही काय रीत झाली, मी पुष्कळदा म्हटलं. पण तिचा पायच तसा घडलेला.

तो घडला जिनिंगमध्ये. आदिलाबादेत एका शेठचं जिनिंग होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. कापसाचा हंगाम संपला की आवार रिकामं पडायचं आणि सरकी झाडणाऱ्या बाया तिथं आट्यापाट्या खेळायच्या. शेठला खेळाचा नाद. त्यानं त्यातल्या निवडक बाया घेऊन चमू केला आणि हंगाम नसतानाही त्यांची हजेरी चालू ठेवली. काम काय, तर खेळायचं. जत्रेत, उरुसात, नदीपलीकडे पांढरकवड्याकडे, जिथं जिथं खेळ लागेल तिथं शेठची गाडी बाया भरून जायची. खेळायची मजुरी घेणारी बाई आमच्या भागात त्याआधी कोणी पाहिली नव्हती. या बायांत सर्वांत लहान आणि सर्वांत काळी पोरगी म्हणजे ही.

सरावाला पुरुषांचा चमू पाहिजे म्हणून शेठनं आमच्या गावाला बोलावलं. मी लोणपाटीवर उभा राहायचो. हात लांब, अंग आडवं. माझ्या पाटीवरून सहसा कोणी जात नसे. ही समोर आली. पदर कमरेला आवळलेला, पायात काही नाही. माझ्याकडे पाहिलंच नाही. उजवीकडे कोणी हाक मारल्यासारखी पाहू लागली, इतकी मन लावून की मीही पाहिलं, उजवीकडे कोण आलं म्हणून. डावीकडून वारा गेला. परत येतानाही तेच. त्या दिवशी किती वेळा गेली ते मला आठवत नाही, पण एकदाही हात लागला नाही हे पक्कं आठवतं. शेवटी थांबून म्हणते, "पाटीवाले, तुमी डोये पाहून राह्यले. डोये त फसवासाठीच रायतात. कंबर पाहा." तेव्हापासून मी पाटीवाला. लग्नानंतरही, पोर झाल्यावरही, हाक तीच.

लग्न ठरलं तेव्हा पोरांनी मला जगू दिलं नाही. "मैदानात हात लागला नाई, म्हून मांडवात धरून राह्यला." खोटं काय होतं त्यात?

माझ्या आईला तिचं खेळणं खपलं नाही. लग्नानंतरही शेठची गाडी दारात यायची आणि ही चुलीपुढून उठून त्यात बसायची. आई म्हणायची, "चार गावच्या बाप्यांसमोर नाचाले चालली." एकदा हिनं उंबऱ्यात उभं राहून उत्तर दिलं, "आत्याबाई, नाचणारीले लोक धरू पाह्यतात. मले धरून दाखवा म्हना." आईला हसू आलं. ते तिनं पदराआड दाबलं, पण मी पाहिलं. पुढे बक्षिसात पितळेची घागर आली तेव्हा आईच ती डोक्यावर घेऊन विहिरीवर जायची, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायची, ही सुनेनं आणली.

तिची हूल काय चीज होती हे मैदानाबाहेरही पाहिलंय. पोळ्याच्या दिवशी एक बैल झुलीसकट उधळला. तोरणाखालची माणसं फाकली आणि आमची पोरगी, असेल चारेक वर्षांची, मधोमध उभी. मी ओरडत राहिलो, पाय काही हलला नाही. ही बैलासमोर गेली, खांदा एका बाजूला टाकला, बैलानं तिकडे शिंग घातलं, आणि ही दुसऱ्या बाजूनं पोरगी काखेत मारून पार. नंतर मला म्हणाली, "बैलबी तुमच्यासारखाच, डोये पाह्यते." लोक हसले. ती पोरीची चोळी नीट करत बसली. एकच गाठ तिनं तीनदा सोडून बांधली. ते मात्र माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही.

शेठ गेला, जिनिंग पोरांनी विकलं, चमू मोडला. तिनं खेळ सोडला तोही न सांगता. एके दिवशी बाकीच्या बायांबरोबर कापूस वेचायला गेली आणि संपलं. रडली नाही. मी विचारलं, "वाईट वाटते का?" म्हणाली, "गाडी येते कुठं आता?" पुष्कळ वर्षं ती बक्षिसाची घागर माळ्यावर काळी पडून होती. मग अलीकडे शाळेत नवे व्यायामाचे सर आले. तेलुगू माणूस, मराठी मोडकंतोडकं. गावातल्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी तिचं ऐकलं आणि घरी आले. म्हणाले, "अव्वा, पोरींना शिकवते का?" अव्वा म्हणजे त्यांच्याकडे आजी. ती सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. सूप ठेवलं आणि निघाली. चप्पलही घातली नाही.

पोरींना तिनं एकच गोष्ट शिकवली, पुन्हा पुन्हा. "लोण म्हंजे पलीकडं जाणं नाई वो मायहो. पलीकडं त कोनीबी जाते. परत आली त लोण." एखादी नऊ पाट्या ओलांडून तिकडेच नाचू लागली की ही इकडून ओरडायची, "ये ना मंग घरी." वर्षभर तिचं एकच चाललं होतं, नदीपलीकडच्या चमूला आपल्या मैदानावर बोलवायचं. पूर्वी ही तिकडे जायची. आता त्यांनी इकडे यावं आणि आपल्या पोरींनी त्यांच्यासमोर लोण आणावं. ते उद्यावर आलं होतं. शेवटचा चुना त्यासाठीच टाकला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती पाण्याची. ती कोणाला पाणी मागायची नाही. तापात असली तरी भिंत धरत माठाशी जायची. मी उठलो तर म्हणायची, "बसा, पाटी सोडू नका." उभ्या संसारात तिनं मला पाणी आण म्हटल्याचं मला आठवत नाही. मी आठवून आठवून पाहिलं आहे.

त्या संध्याकाळी मैदानावरून आलो. तिनं हातपाय धुतले आणि दारच्या पायरीवर बसली. मी शेजारी. पायाच्या अंगठ्यावर सुतळीचा वळ होता, तो ती चोळत होती. उजेड होता अजून. समोरून कोणाची बकरी गेली. ती म्हणाली, "पाटीवाले, थोडं पानी आना."

मी उठलो. मनातही आलं नाही की ही पाणी मागते कशी. आत गेलो, तांब्या घेतला, माठ अर्धा होता, तिरपा केला, भरला, बाहेर आलो. ती पायरीवरच होती, भिंतीला टेकून. डोळे उजवीकडे, रस्त्याकडे. मी उजवीकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. कोणी नव्हतं.

नंतर माणसं आली, बाया आल्या, कोणी डॉक्टरला फोन लावला, कोणी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. पहिल्या दिवशी जिनिंगच्या आवारात ज्या हुलीनं मला चुकवलं, त्याच हुलीनं आजही चुकवलं. एवढी वर्षं शेजारी बसून मी शिकलो काय? पाणी आण म्हणाली आणि मी पाटी सोडली. अजूनही मला हे नीट समजत नाही. रात्रीच्या भाकरीचं पीठ काढून ठेवलेलं होतं तिनं.

सकाळी बाया तिला न्हाऊ घालत होत्या. पोरगी यवतमाळहून निघाली होती, यायला दुपार. मी तिच्या कमरेची सुतळी मागून घेतली, डबा आणि दोन खुंट्या घेतल्या आणि निघालो. चुलतभाऊ आडवा आला. "दादा, घरात माती पडून हाय अन् तू कुठं जाऊन राह्यला?" मी त्याच्या बाजूनं गेलो.

मैदानावर सर होते. आपल्या पोरी भिंतीशी बसलेल्या, रडून सुजलेल्या. नदीपलीकडच्या पोरी टेम्पोतून उतरलेल्या, पण टेम्पोला धरूनच उभ्या. सर म्हणाले, "बाबा, मॅच क्यान्सल केलं. अव्वा गेली, कसं खेळायचं?"

मी विचारलं, "तिनं सांगतलं का क्यान्सल कर म्हून?"

"नाही बाबा."

"मंग खेळवा. तिले न्यायले दुपार हाय. तवरोक होऊन जाते."

मी एक खुंटी ठोकली, सुतळी बांधली. दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथं थोडा थांबलो. काऊन थांबलो ते सांगता येत नाही. मग दुसरी खुंटी ठोकली. पहिल्यांदाच. डबा हलवत गेलो. वाकडा गेलो की सुतळी ढिली पडेल असं वाटत होतं, ती पडली नाही. परत येऊन पाहिलं तर मधे एक पोक आलेला. तेवढा पायानं पुसला आणि पुन्हा आखला.

मग मी पाटीवर उभा राहिलो, तोंड मैदानाकडे, हात पसरून. सरांना म्हटलं, "आपल्या पोरी तिकून येऊ द्या. पहिलं लोण होईस्तोवर या पाटीवर मी हाय. मंग तुमचा खेळ." नदीपलीकडच्या पोरी आपणहून येऊन बाकीच्या पाट्यांवर उभ्या राहिल्या. भिंतीजवळच्या पोरी उठल्या, ओढण्या कमरेला बांधू लागल्या.

सर तांब्या घेऊन माझ्याजवळ आले. "बाबा, सकाळपासून काही घेतलं नाही तुम्ही. इकडे या, थोडं पाणी घ्या."

मी म्हटलं, "तिथंच ठेवा."

समोरून पहिली पोर निघाली होती. मी तिच्या कमरेकडे पाहत होतो.