शामरावांच्या मुठीचा कप

कांता मर्चंडे यांनी परळच्या एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं लोकांच्या हातापायांना प्लास्टर घातलं. मनगट मोडून रडत आलेला शाळकरी मुलगा असो की जिन्यावरून घसरलेली म्हातारी, कांताबाई आधी दोन शब्द गोड बोलत, तिसऱ्या शब्दाला पट्टी पाण्यात भिजलेली असे आणि पाचव्या मिनिटाला काम फत्ते. कारण प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. ते आवळायच्या आत हात फिरला तर फिरला, नाहीतर कापून काढा आणि पुन्हा श्रीगणेशा. त्यामुळे कांताबाईंच्या हाताला वेग होता, आणि तो वेग भाजी चिरण्यापासून भांडण्यापर्यंत सगळीकडे दिसे.

गेल्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. पहिल्या महिन्यात त्यांनी नायगावच्या घरातली सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या महिन्यात तीच कपाटं परत आवरली. तिसऱ्या महिन्यात त्या नवऱ्याच्या कागदपत्रांकडे वळल्या, तेव्हा शामरावांनी गुपचूप मुलीला फोन लावला.

"नम्रता, तुझ्या आईला कुठेतरी गुंतव. कालपासून माझी जुनी पत्रं विषयवार लावतेय."

नम्रताची कंपनीने तीन महिन्यांसाठी हैदराबादला रवानगी केली होती. जाण्यापूर्वी तिने दादरला मातीकामाच्या क्लासला नाव घातलं होतं, चार शनिवारांसाठी. ती म्हणाली, "आई, माझ्या जागी तू जा. मातीची भांडी शिकवतात. मस्त टाइमपास आहे."

"माती? मी? या वयात चिखलात खेळू?"

"खेळू नकोस. शीक."

शिकायचं म्हटल्यावर कांताबाईंना नाही म्हणता येत नसे.

क्लास रानडे रोडच्या एका आतल्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. विजेवर फिरणारी सहा चाकं, भिंतीला फळ्या, कोपऱ्यात फ्रिजएवढी भट्टी. शिकवणारी अक्षदा अठ्ठावीस-एकोणतीसची, केसांचा अंबाडा पेन्सिलीने खोचलेला. शेजारच्या चाकावर अभय नावाचा जाहिरात कंपनीतला एक गृहस्थ होता. तो पांढराशुभ्र सदरा घालून माती करायला आला होता, यावरूनच कांताबाईंनी त्याला ओळखलं.

अक्षदाने दाखवलं. मातीचा गोळा चाकाच्या मधोमध थापायचा, हात ओले करायचे, चाक फिरलं की दोन्ही तळहातांनी गोळा नुसता धरून ठेवायचा, तो डुगडुगायचा थांबेपर्यंत. दिसायला अगदी सोपं. कांताबाईंनी गोळा थापला, पाणी घेतलं आणि मातीवर झडपच घातली. चाक फिरलं, गोळा एका बाजूला कलला, त्यांनी दाबला, तो दुसऱ्या बाजूला गेला, त्यांनी आणखी दाबला, आणि अर्धी माती सुटून थेट अभयच्या सदऱ्यावर जाऊन बसली.

"सॉरी हां!"

"नाही नाही, इट्स ओके," अभय म्हणाला. चेहरा मात्र ओके नव्हता.

अक्षदा हसत जवळ आली. "काकी, मातीला काही घाई नाहीये. तुम्हाला का आहे?"

"सवय गं. आमचं सामान पाच मिनिटांत दगड होतं."

"हे नाही होत. झाकून ठेवलं तर आठवडाभर तुमची वाट बघतं."

वाट बघणारं सामान कांताबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चार शनिवार संपले तेव्हा त्यांच्या हातून एकच वस्तू धड उतरली. त्यांनी ती घरी आणून टेबलावर ठेवली. शामरावांनी चष्मा लावून ती चारी बाजूंनी पाहिली.

"पणती का?"

"वाटी आहे."

"पणतीच म्हण. वाटीचा उगाच अपमान नको."

दुसरं कुणी असतं तर तिथेच हात धुऊन मोकळं झालं असतं. कांताबाईंनी पुढच्या तीन महिन्यांसाठी नाव घातलं. मातीच्या गोळ्याने आपल्याला हरवावं हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

शामरावांनी हयात गिरगावातल्या एका छापखान्यात काढली होती. माणूस विनोदी आणि चहाबाज, दिवसातून पाच वेळा तरी चहा व्हायचाच. पण दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. औषध चालू होतं, तरी हात आपल्याच तालात असे. घरी ते स्टीलचा पेला अर्धाच भरून घेत. कांताबाईंना वाटे, त्यांनी जुळवून घेतलंय.

ऑक्टोबरात एका सकाळी खालच्या मजल्यावरचे दौलतभाऊ आले. शामरावांचे चाळीस वर्षांचे दोस्त, जुन्या चाळीत भिंतीला भिंत लावून राहिलेले. कांताबाईंनी दोन कप चहा आणून ठेवला. शामराव म्हणाले, "मला नको. आत्ताच झाला."

झाला नव्हता. कांताबाईंना ठाऊक होतं. दौलतभाऊंचा कप संपेपर्यंत शामरावांनी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता, आणि त्यांच्यापुढचा चहा साय धरून थंड झाला. मग कांताबाईंच्या लक्षात आलं की नाक्यावरच्या हॉटेलात हे दोघं रोज बसायचे, ते बसणं पावसाळ्यापासून बंद आहे. गुडघे दुखतात असं त्यांना सांगण्यात आलं होतं. एकतीस वर्षं हाडांच्या विभागात काढलेल्या बाईने गुडघ्याचं कारण विनातपासणी मान्य केलं होतं, याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

शनिवारी त्या अक्षदाला म्हणाल्या, "मला चाक नको. हाताने कप करता येतो का? बुडाला जड, वर तोंड जरा आवळलेलं, आणि धरायला कान नाही, अख्खी मूठ मावेल असं काहीतरी."

"कुणासाठी?"

"आमच्या ह्यांच्यासाठी. हात हलतो."

अक्षदाने मातीच्या वळ्या करायला शिकवल्या. त्या एकावर एक चढवत भांडं उभं करायचं. कडबोळी वळलेल्या हाताला ते पहिल्याच दिवशी जमलं. प्रश्न मुठीचा होता. कांताबाई पिशवीत मातीचा गोळा घालून टिळक पूल उतरल्या, घरी आल्या आणि शामरावांपुढे तो धरला.

"मूठ आवळा."

"हे काय नवीन?"

"आवळा म्हणते ना."

"एवढी वर्षं आवळूनच बसलोय," असं म्हणत शामरावांनी मूठ आवळली. गोळ्यावर चार बोटांच्या खाचा आणि अंगठ्याचा खळगा उमटला. कांताबाईंनी तो तसाच डब्यात घालून परत नेला. इतका भरीव गोळा भट्टीत फुटेल म्हणून अक्षदाने तो मागून तारेने कोरून आतून पोकळ करवला, मग तो कपाला चिकटवला. पंधरा दिवसांनी कप भट्टीतून बाहेर आला, टणटणीत, देखणा. शामरावांनी धरायला घेतला तर चौथं बोट बाहेर.

"माझी मूठ वाढली की तुझा कप आटला?"

कप आटला होता. माती वाळताना आणि भाजताना आवळते, अक्षदाने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा कांताबाई अभयचा सदरा पुसत होत्या. आता मूठ मोठी कशी करायची? अक्षदा म्हणाली, मापं घेऊन अंदाजाने खाचा रुंद करू. कांताबाईंनी तशी एक कोरून पाहिली, पण ती कुणाच्याच हाताची वाटेना. दोन दिवस विचार केल्यावर दुपारी भांडी घासताना त्यांना एकदम सुचलं, आणि त्या साबणाच्या हातांनीच बाहेर आल्या.

"अहो, उजवा हात द्या. तुम्हाला बँडेज बांधते."

"मला काय झालंय?"

"काही नाही झालं. म्हणून तर बांधते."

प्लास्टरच्या आधी कातडीवर कापसाची पट्टी गुंडाळतात, ती त्यांनी शामरावांच्या एकेका बोटाला गुंडाळली. दोन फेर बोटांना, तीन तळव्याला, वरून पातळ प्लास्टिक. कितीक मनगटांवरून फिरलेला त्यांचा हात न बघता काम करत होता. शामरावांचा हात त्यांच्या हातात थरथरत होता, आणि पट्टी मात्र एकदाही घसरली नाही.

"इस्पितळात असंच धरायचीस सगळ्यांना?" शामरावांनी विचारलं.

"सगळ्यांना. पण ते तुमच्यासारखी वळवळ करत नसत."

"कोण करतंय? तो आपोआप करतो."

"मग त्याला सांगा, दोन मिनिटं धीर धर."

जाडजूड हाताने शामरावांनी नवा गोळा आवळला. खाचा मोठ्या आल्या, पण आकार त्यांचाच. अक्षदाने तो गोळा पाहिला आणि आपला फोन काढून त्याचा फोटो घेतला. "काकी, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं."

एवढं होऊनही कप झाला नाही. मूठ आणि कप जिथे जुळत, तिथेच वाळताना तडा जाई. पहिल्याला गेला, दुसऱ्याला गेला. कांताबाई कप पंख्याखाली ठेवून बघत, खिडकीतल्या उन्हात ठेवून बघत. तिसऱ्या वेळी त्या वैतागून म्हणाल्या, "राहू दे, प्लॅस्टिकचा मिळतो बाजारात," आणि नवा कप तसाच ओला, पिशवीत गुंडाळून फळीवर टाकून निघून गेल्या.

डिसेंबरचा पहिला आठवडा आला. चैत्यभूमीला येणाऱ्या माणसांनी दादर भरून गेलं, आणि अक्षदाने क्लासला सुट्टी दिली. कांताबाईंना तशीही सवड नव्हती. त्यांच्या वस्तीच्या मंडळाचा पाणी आणि पोह्यांचा स्टॉल होता, आणि तीन दिवस त्या पातेल्याशी उभ्या होत्या. कोण नांदेडहून आलेलं, कोण भंडाऱ्याहून, सगळ्यांना "घ्या, अजून घ्या" म्हणता म्हणता त्यांचा घसा बसला. कपाची आठवणही झाली नाही.

नऊ दिवसांनी क्लास उघडला. अक्षदाने पिशवी सोडली, कप फिरवून पाहिला आणि हाक मारली, "काकी, या इकडे."

तडा नव्हता. पातळ कप आणि जाड मूठ, दोन्ही पिशवीच्या आत हळूहळू, बरोबरीने वाळली होती.

"म्हणजे मी हात लावला नाही म्हणून झाला?"

"पंखा लावला नाही म्हणून," अक्षदा म्हणाली.

कांताबाई हसत सुटल्या. अभयही हसला, आणि त्याने आपण होऊन तो कप भट्टीपर्यंत दोन्ही हातांत धरून नेला.

शामरावांनी रंग निळा सांगितला होता. कप आला तो गिरगाव चौपाटीच्या पाण्यासारखा, निळ्यात बराचसा मातकट. "समुद्र खरा दाखवलास," ते म्हणाले. मग त्यांनी मूठ घातली. चारही बोटं आपापल्या खाचेत गेली, अंगठा वर टेकला. कांताबाईंनी चहा ओतला, अर्धा नाही, काठाच्या बोटभर खाली. हात हलत होता, हलायचा तो हलणारच, पण जड बूड त्याला फार जाऊ देत नव्हतं. चहा आत डचमळला आणि आतच राहिला.

"साखर कमी आहे," शामराव म्हणाले, आणि कांताबाई डोळे पुसायला आत गेल्या.

पुढच्या रविवारी शामराव कप कापडी पिशवीत घालून दौलतभाऊंबरोबर नाक्यावर गेले. वेटरने कपाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं आणि मुकाट चहा भरला. दौलतभाऊंनी लगेच तो उचलून पाहिला. "शाम, माझी बोटं बसत नाहीत रे यात."

"बसतील कशी? तुझी बायको प्लास्टरवाली आहे का?"

तास-दीड तास ते दोघं बसले. परतताना दौलतभाऊंनी वर येऊन कांताबाईंना सांगितलं की एक थेंब सांडला, पण तो आपल्या स्वतःच्या कपातला.

कांताबाई अजून दर शनिवारी जातात. आता त्यांना कढीसाठी झाकणाचं भांडं करायचंय. भांडं झालं, अडलंय ते झाकणावर. आतापर्यंत तीन झाली. एक आत पडतं, एक वर नाचतं आणि तिसरं अभयच्या बरणीला इतकं चपखल बसलं की त्याने ते परत द्यायला साफ नकार दिला.