सत्यशीलाच्या गाठीचं वजन वाढलं

सत्यशीलाला कुणाचाच भरवसा नाही, अगदी कुणाचाच नाही. गिऱ्हाईक शेडमधून बाहेर पडलं की ती आधी पटाश्या मोजणार. लाटणं दुरुस्तीला आलं तर त्याच्या बुडाला पेन्सिलीनं खूण करणार, का तर उद्या कुणी म्हणायला नको की माझं बदललंस. पारनेरच्या बाजूला लेथवर लाकूड कातणारी ती एकटीच बाई असेल. लग्न मोडलं, माहेरी आली, आणि बाप अजिनाथ थकला तसं त्याच्या जागेवर लेथपुढं उभी राहिली. बाप गेला त्याला आता दीड वर्ष झालं. आता घरात ती आणि आई कडूबाई, दोघीच.

रस्ता रुंद करायला त्यांच्या बांधावरचा कडुनिंब पाडला तेव्हा ती जेसीबीपुढं जाऊन उभी राहिली. झाडासाठी नाही, बुंध्यावरच्या गाठीसाठी! घागरीएवढी फुगलेली गाठ. असल्या गाठीत लाकडाच्या रेषा सरळ जातच नाहीत, भोवऱ्यासारख्या गरगरत जातात. नगरच्या एका दुकानवाल्या बाईंनी सांगितलं होतं, गाठीच्या लाकडाचा एक वाडगा करून दाखव, आवडला तर वर्षभराचं काम तुझंच. आणि गाठ होती एकच.

ओली गाठ एकदम पातळ कातली की तडकते. म्हणून तिनं आधी जाडजूड वाडगा काढला आणि त्याच्याच भुश्यात, पोत्यात घालून ठेवला. दर रविवारी शेजारच्या पिठाच्या गिरणीत, गिरणीवाल्या कल्याणच्या काट्यावर वजन. पाणी उडेल तसं वजन उतरतं, उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं. दोन किलोच्या वर होता, उतरत उतरत एक किलो तीनशे दहावर आला. पुढच्या रविवारीही तेवढाच.

त्याच्या पुढच्या रविवारी एक किलो तीनशे पन्नास.

"काटा बघू तुझा," सत्यशीला म्हणाली.

"काट्याला काय झालंय ताई?"

"वजन वाढलं कसं? लाकूड काय जेवतंय का?"

"हवा दमट हाय. ओढलं असंल पानी."

"मग त्याच्या शेजारीच ठेवलेलं लाटण्याचं लाकूड का न्हाई वाढलं? काय केलंस खरं सांग!"

दळणाला आलेल्या चार बाया बघत होत्या. कल्याणचा चेहरा पडला. त्यानं किलोचं माप काट्यावर ठेवलं. बरोबर एक किलो. "अख्खं गाव या काट्यावर दळण आनतंय ताई," तो एवढंच म्हणाला आणि पट्टा चालू केला.

तिला लाज वाटली, पण शंका काही गेली नाही. वाडगा बदलला म्हणावं तर बुडाला तिचीच खूण. म्हणजे कुणीतरी भिजवतंय. पण कुणाच्या डोळ्यांत एवढं खुपतंय आपलं? रात्रभर तिनं गावातली माणसं एकेक करून डोळ्यांपुढं आणली. सकाळी "बाजारात जाते" म्हणून निघाली आणि मागून येऊन शेडच्या पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

कडूबाई आली. अंघोळ केलेली, डोक्यावर पदर, हातात तांब्या. पोत्याचं तोंड सोडलं, भुसा बाजूला केला, वाडग्यावर पाण्याची धार धरली आणि हात जोडले.

"आये!"

म्हातारी दचकली नाही. "वरडू नको. व्हऊ दे माझं."

"अगं तडकंल ना तो! काय करतीस हे?"

"चाळीस वर्सं त्या गाठीला मसुबा देव म्हनून पानी घालते मी. तुझ्या बापाला म्हाईत हुतं. झाड हुतं तवर पानी घातल्याबिगर तोंडात घास न्हाई घातला कंदी. झाड पाडलं, पर ओला हुता तवर त्याचं पानी त्याच्यातच हुतं. आता वाळलाय, तर उपाशी ठिवू त्याला?"

कल्याण, गिऱ्हाईकं, सगळं गाव सत्यशीलानं मनात धुंडाळून झालं होतं. आईवर मात्र एकदाही संशय घेतला नव्हता.

तिनं वाडगा पुसला. काठाला केसाएवढी चीर होती. तो तिनं आपल्या खाटेखाली ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. वजन परत उतरून थांबायला तीन रविवार गेले. तिन्ही वेळा ती खाली मान घालून कल्याणकडं गेली. पहिल्या रविवारी आईचं सगळं सांगून म्हणाली, "चुकलं माझं, भाऊ." "माझ्या आईनंच पानी घातलं असतं तर मीबी गिरणीवाल्यालाच धरलं असतं," तो म्हणाला. तेव्हा दोघंही हसली.

मग तिनं वाडगा लेथवर चढवला. आईला समोर स्टुलावर बसवलं, नजरेसमोर. पटाशी लागली तशी काठावरून पातळ ढलप्या उडायला लागल्या. दर दोन मिनिटांनी ती मोटार बंद करून चीर बघायची. आहे. अजून आहे. वाडग्याची भिंत बोटाएवढी राहिली. आणखी एक हात फिरवला. गेली! चीर ढलपीतच गेली, आणि खालून तपकिरी भोवरे वर आले.

पॉलिश पेपर मारून झाला. आता जवसाचं तेल, दिवसाआड एकेक हात.

"नगरला कधी धाडनार?" कडूबाईनं विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

"मग तवर माझ्या हातानं घालू दे काहीतरी."

सत्यशीलानं तिच्यापुढं तेलाची वाटी आणि फडकं सरकवलं. म्हातारी डोळे मिटून, ओठ हलवत, वाडग्यावर गोल गोल हात फिरवत राहिली. एक दिवसाआड सकाळी ती वाटी घेऊन यायची. आणि दर वेळी सत्यशीला आधी वाटीत बोट बुडवून नाकाशी न्यायची, तेलच आहे ना हे बघायला.