गिलासाखालचा हात

त्या हिवाळ्यात भावाचा फोन आला की मी हातातलं काम टाकून बाहेर पळायचे. "आज पुन्हा गिलास फुटला मायच्या हातून," एवढंच तो म्हणायचा आणि फोन ठेवून द्यायचा. त्या अर्धवट बोलण्याचा मला भारी राग यायचा. बोल ना बापा, काय बोलायचं ते! शेवटी एकदा बोललाच. "टपरी बंद करून टाकतो. हात थरथरून राह्यले तिचे. गरम चाय कोणाच्या अंगावर सांडली तं?"

गडचांदूरला सिमेंटच्या ट्रकांच्या रस्त्यावर मायची चहाची टपरी आहे. बाप गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली, आम्हा दोघांना त्यावरच शिकवलं. टपरी बंद म्हणजे माय दिवसभर घरात टीव्हीपुढं. ती खंगून गेली असती. आणि मी चंद्रपूरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय करत होते, तर बोटाचं टोक गुळगुळीत काचेवर किती टेकतं आणि किती घसरतं, ते मोजत होते! लोकांची बोटं मोजतेय आणि इकडं मायच्या हातून गिलास सुटताहेत. जीव थाऱ्यावर राहीना. सरांना विचारून यंत्र पिशवीत घातलं आणि मिळेल ती एसटी पकडली.

यंत्र म्हणजे फार काही नाही. काचेची पट्टी, तिच्या कडेनं सोडलेला उजेड, खाली कॅमेरा, आणि बोट ओढताना काचेवर किती जोर पडतो ते मोजून लॅपटॉपवर आलेख काढणारा काटा. कातडी जिथं खरंच टेकते तिथं उजळ रेघ दिसते. कोरड्या बोटाचे नुसते ठिपके दिसतात. बोट जरा वेळ तसंच ठेवलं की घामानं कातडी मऊ होते, ठिपक्यांच्या रेघा होतात आणि पकड वाढते. फक्त थांबावं लागतं. आणि नेमकं तेच मला जमत नाही, एसटीतही मी दर थांब्याला उठून उभी राहत होते.

पोचले तेव्हा टपरीवर गर्दी होती. माय गिलास पुढं करायची, घेणारा एका हातानं तो धरायचा आणि दुसरा हात खाली पसरायचा. पडलाच तर झेलायला. ट्रकवाले, मजूर, रोजचे मास्तर, सगळेच. कोणी तोंडानं काही म्हणत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं. भावानं आणलेली कागदी कपांची थप्पी तिनं फळीखाली ढकलून दिली होती.

"कागदात चाय दवाखान्यात पेतेत," ती मला पाहून म्हणाली. कशी आहेस वगैरे काही नाही.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं तसं मी तिला बाकावर बसवलं, साबणानं हात धुवायला लावले. तिनं काचेवर बोट ठेवून ओढलं आणि लॅपटॉपवर जोराच्या आलेखाची रेघ सरळ आली. हात थरथरत असता तर ती करवतीसारखी उठली असती. भाऊ साफ चुकला होता! मी उड्याच मारणार होते, तेवढ्यात पकडीचा आकडा पाहिला आणि डोकंच फिरलं. कॅमेऱ्यात बोट भरगच्च टेकलेलं, आणि पकड जवळपास नाहीच. असं होतं कुठं? मी काच पुसली, वायर बदलली, पुन्हा केलं. तेच.

"नीट धुतले ना हात?" मी खेकसले.

"धुतले ना वो. काऊन डोकं खाऊन राह्यली?"

पुढच्या खेपेला सहज मान वर केली, म्हणून दिसलं. काचेवर ठेवायच्या आधी मायनं बोट कानावरच्या केसांत घातलं, खसाखसा घासलं, आणि मग ठेवलं.

"अवं माय! हे काय करून राह्यली?"

"तेल लावून राह्यली. कोरडं बोट मशीन घेत नाई."

रेशनच्या दुकानातल्या मशीनवर अंगठा उठत नव्हता तेव्हा दुकानदारानं तसं सांगितलं होतं. आमच्याकडं सगळेच तसं करतात, अंगठा द्यायच्या आधी हात आपोआप डोक्याकडं जातो.

"आन् गिलास उचलतानी?" मी भीत भीत विचारलं.

"तवाही घासते. या थंडीत बोटं लाकडावानी झाली, गिलास निसटून राह्यले. कोरडं बोट मशीनले चालत नाई, तं गिलासले कसं चालन?"

म्हणजे गिलास निसटला की ती जास्त तेल लावायची, आणि तेल लावलं की तो जास्त निसटायचा. तेलानं छाप छान उठते आणि पकड जाते. मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं, बोटं तेलानं नाही, ओल्या फडक्यानं मऊ करायची तेही.

"मंग हात खराब नाई झाले माहे?"

"नाई झाले, माय."

ती दोन्ही पंजे मांडीवर उलटे-सुलटे करून पाहत बसली. "मले वाटलं, संपलं आता आपलं," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून स्टोव्ह पेटवायला उठली.

संध्याकाळी भाऊ आला. त्याला मी ती सरळ रेघ दाखवली आणि वर चार शब्द सुनावलेही. त्यानं फळीखालचे कागदी कप उचलून गाडीच्या डिक्कीत ठेवले. मायनं साबणानं पुन्हा हात धुतले, ओल्या फडक्यावर बोटं टेकवली, एका पंज्यात रिकामे गिलास उचलून ओळीनं मांडले आणि चहा ओतला. पहिला गिलास माझ्यापुढं केला, काठोकाठ भरलेला. मी धरला. पण ती सोडेना.

"दे ना," मी म्हटलं. चटके बसत होते.

ती खाली पाहत होती. मीही पाहिलं. गिलासाखाली माझा डावा हात पसरलेला होता.

"काढ तो हात," माय म्हणाली. "मंग देते."