निगेटिव्हमधले पांढरे केस

काल नात माझा निगेटिव्हचा डबा उपसत बसली होती. एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरून ती ओरडली, "आजी, आजोबांचे केस पांढरे!"

निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं, एवढंच. हे गेले तेव्हा यांच्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता.

रोलच्या कॅमेऱ्याचं वेड मला तरुणपणापासूनचं, आणि तोरा तर काय विचारता! साऱ्या गोतावळ्याला "हलू नका" म्हणून दटावणारी मी, आणि हा फोटो घेताना मात्र सूर्य पाठीशी घेऊन स्वतःचीच सावली यांच्या पायांवर पाडलेली. "आलीस हो तूही फोटोत," हे हसून म्हणाले. फणकाऱ्याने मी त्याची प्रिंटच काढली नाही.

आता ती पट्टी मी डोळ्यांशी धरली. पांढऱ्या केसांचे हे उभे होते आणि पायांशी माझी सावली लख्ख उजळ पडली होती. माझ्याबरोबर म्हातारे झाले असते, तर असेच दिसले असते.

"प्रिंट काढून आणू?" नातीने विचारलं.

"नको गं बाई. प्रिंट काढलीस की हे पुन्हा तरुण होतील, आणि मी एकटीच म्हातारी उरेन."