टपालगाडीचे दार आणि भोपी सर

भोपी सरांची पहिली भेट रबाळ्याला, आमच्या वर्कशॉपमध्ये झाली. पत्राकाम आणि वेल्डिंग मी तिथेच वडिलांच्या हाताखाली शिकले, कॉलेज नंतर झाले. टपाल वाटपाच्या नव्या विजेच्या तीनचाकीचा मागचा डबा आम्ही बनवत होतो. गाडीचा आराखडा सरांचा होता. त्यांनी डब्याचे दार पुन्हा पुन्हा आपटून पाहिले आणि विचारले, "हे कोणी तपासलं?"

"मी."

"मग तुमच्यावर विश्वास ठेवू?"

"नको सर. तुम्हीही बघा."

सर हसले. "आपलं जमेल."

वडिलांना ते हसणे पटले नाही. ते साताऱ्याकडचे, सरळ बोलणारे. "सायेब दुसऱ्या कुणाला तरी काम देणार बघ," ते म्हणाले. शंका माझ्याही मनात होती. हे काम गेले असते तर वर्कशॉप चालवणे कठीण होते.

पहिली गाडी चाचणीसाठी शिरवणे गावात वाटपावर गेली. संध्याकाळी टपाल कचेरीत जो तो म्हणाला, "मस्त गाडी!" आम्ही निश्चिंत झालो. सरांना मात्र एवढ्या कौतुकाचाच संशय आला. ते दाराशी वाकले.

"म्हात्रे, कडीला हे रबरबँड कसलं?"

"टपालाच्या गठ्ठ्याचं हाय सर."

"ते दिसतंय. कडीवर काय करतंय?"

पोस्टमन म्हात्रे ओशाळले. "पार्सल उचलताना चावी आत ठेवतो. वाऱ्यानं दार लागलं की आपोआप लॉक. चावी आत, आमी बाहेर! म्हणून कडी बांधली."

"म्हणजे दिवसभर लोकांची पार्सलं उघड्या दारामागे. मग मस्त मस्त काय चाललंय?"

"खरं सांगितलं आणि गाडीच परत नेली तर? पुन्हा सायकल मारायची काय?"

दुसऱ्या दिवशीच्या टपाल खात्याच्या बैठकीत आमचे नाव कापले जाणार, अशी माझी खात्री होती. सर उभे राहिले. "आपोआप बंद होणारं कुलूप मी मागितलं होतं. वर्कशॉपनं माझ्या नकाशाप्रमाणेच काम केलंय. नवं दारही तेच करतील."

मला तेही खरे वाटेना. बाहेर आल्यावर मी विचारले, "सर, आमच्यासाठी एवढं का?"

"तुमच्यासाठी नाही. माझी चूक तुमच्या नावावर गेली, तर पुढच्या गाडीत मी तीच करेन."

नंतर सर आमच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून माझ्याबरोबर नवी कडी आखत राहिले. चावी फिरवल्याशिवाय कुलूप न लागणारे ते दार मंजूर झाले आणि उरलेल्या गाड्यांचे कामही आमच्याकडेच राहिले. वडील पेढे घेऊन सीवूड्सला सरांच्या घरी गेले. सरांनी बॉक्स उघडलाच नाही. "एक पावसाळा दाराला गंज न चढता जाऊ दे. मग खाईन."

तो पावसाळा आता सुरू आहे. मी दर आठवड्याला बिजागऱ्या तपासते. षष्ट्यब्दी पूर्ण करणाऱ्या सरांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि दिवाळीला ताजे पेढे त्यांनी आमच्या हातून खावेत.